डावा कौल

आमच्या देवीला नाही म्हणायची सवय होती. पंचक्रोशीत म्हणच पडली होती, खडपाईला विचाराल तर घरी बसाल. तरी लोक विचारायला यायचे. हो म्हणणाऱ्या देवी घाटाखाली ढीगभर आहेत आणि त्यांच्याकडे गर्दीही असते. पण ज्याला खरंच भीती वाटत असते, तो नाही म्हणणाऱ्याच्या दारात येतो, हे मी जन्मभर बघितलं.

विचारायची रीत सोपी. देवी म्हणजे राईत उघड्यावर बसलेला, कमरेएवढा, शेंदरानं लिंपलेला दगड. हात नाहीत, पाय नाहीत, चांदीचे डोळे तेवढे बसवलेले. तगरीच्या पाकळ्या पाण्यात भिजवून तिच्या दोन्ही अंगांना सारख्या उंचीवर चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि थांबायचं. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. याला कौल म्हणतात. पाकळ्या लावायचा आणि गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या गुरवाच्या घराचा. माझा नवरा गेला तेव्हा भावकीतले पुरुष तो मान मागायला आले होते. मी म्हटलं, देवी बाईमाणूस आहे, तिला रोज न्हाऊ घालायला तुम्ही बाप्ये येणार काय? तेव्हापासून इठाबाई गुरवीण एके इठाबाई गुरवीण. सरपंचसुद्धा माझ्यापुढं चप्पल काढून उभा राहायचा.

राईच्या वरच्या अंगाला, माथ्यावर, हलदणसाहेबाचा बंगला होता. होता म्हणजे माझ्या जन्माआधी. इंग्रज गेले, साहेब गेला, मग बंगल्याची कौलं गेली, दारं गेली आणि शेवटी दगड. मागं राहिला फक्त चौथरा. कुठं गेले दगड, हे कोणाला विचारायला नको. आमची वाडीच त्या दगडांची. कोणाच्या उंबऱ्याला साहेबाची पायरी, कोणाच्या गोठ्याला साहेबाचा खांब. एकनाथ लाडाच्या मोरीत तर साहेबाच्या दिवाणखान्याची फरशी होती. सरपंच झाल्यावरही तो तिच्यावर उघडा बसून अंघोळ करायचा.

हा बंगला परत उभा करायचा म्हणून वैशंपायन मॅडम आल्या, आणि त्यांच्याबरोबर माझी नात सानिका आली.

सानिकाची आई ती पाळण्यात असताना गेली. बापानं, म्हणजे माझ्या लेकानं, दुसरं घर मांडलं, तिकडचाच झाला. पोर मी वाढवली. पुण्याला जाऊन ती जुन्या इमारतींचं शास्त्र शिकली. तिला पाठवताना मी कौल लावला नव्हता. भावकीनं विचारलं तेव्हा म्हटलं, माझ्या घरच्या गोष्टीत देवीला कशाला त्रास.

बंगल्याचा नकाशा कुठंच नव्हता. वाळवीनं अर्धा खाल्लेला एक फोटो होता आणि चौथरा होता. एवढ्यावर घर कसं उभं करणार, असं मी सानिकाला विचारलं. तिनं मला भाकरीवरून समजावलं. भाकरी मोडली की दोन तुकड्यांच्या कडा एकमेकींना ओळखतात. दोन दगडांमधल्या चुन्याचं तसंच. भिंत पाडली की अर्धा चुना या दगडाला राहतो, अर्धा त्या दगडाला, आणि दोन्हींवरचे उंचवटे-खड्डे एकमेकांत बसतात. चुन्यात वाळू कुठली, बेलाचा गर किती, गूळ किती, हेही यंत्र सांगतं, म्हणजे एका दिवशी कालवलेला चुना कुठल्या कुठल्या दगडांवर आहे ते कळतं. टाकीचे घाव बघून कोणत्या पाथरवटाचा हात, तेही वेगळं काढता येतं. माणसाला हे जुळवायला जन्म पुरले नसते. यंत्र जेवणाच्या सुट्टीत जुळवतं.

मी म्हटलं, पण दगड तर लोकांच्या भिंतीत, गिलाव्याच्या आत. मग तिनं दुसरं यंत्र दाखवलं, बिस्किटाच्या डब्याएवढं. ती म्हणाली, आभाळातून रात्रंदिवस बारीक कणांचा पाऊस पडत असतो, तुझ्यामाझ्यातून आरपार जातो, आपल्याला कळत नाही. दगडातूनही जातो, पण जाड दगडात त्यातले काही अडकतात. किती अडकले ते मोजलं की आतला आकार दिसतो. भिंतीच्या या बाजूला डबा ठेवायचा, घर न फोडता आतला दगड दिसतो. मी डब्याकडं बघितलं आणि म्हटलं, बाई गं, आता माणसाची झाकली मूठ झाकली राहायची नाही. ती हसली. तेव्हा मीही हसले.

दगड द्यायला वाडीनं का-कू केलं नाही. एका दगडाच्या बदल्यात यंत्रानं छापलेल्या नव्या विटांची भिंत मिळत होती. शिवाय बंगला झाला की खालच्या धरणातून माथ्यापर्यंत नळ येणार होता, आणि पाहुण्यांची उठबस करायला माणसं लागणार होती. आमच्या बाया उन्हाळ्यात पाण्यासाठी दरीत उतरतात. पाण्यासाठी माणूस साहेबाचा उंबराच काय, स्वतःचाही देतो. एकनाथानं मोरीची फरशी सगळ्यांत आधी दिली, फोटो काढून घेतला. माझ्या मागच्या ओसरीचे दोन खांब मीही दिले. म्हटलं, न्या, साहेबाचं साहेबाला.

माथ्यावर भिंती वर येऊ लागल्या. सानिका संध्याकाळी घरी आली की पडद्यावर बंगला दाखवायची, ज्या दगडांचा पत्ता लागला ते पांढरे, न लागलेले काळे. काळे कमी कमी होत गेले. शेवटी एकच ठळक काळा राहिला, बग्गी उभी राहायची त्या देवडीच्या कमानीत, बरोबर मधोमध. त्याला चावीचा दगड म्हणतात. तो बसला की कमान आपल्या भारानं उभी राहते, नाही बसला तर टेकू काढता येत नाही. वर रुंद, खाली निमुळता, पाचरीसारखा. सगळ्या वाडीत डबा फिरला. तो दगड कुठंच नव्हता.

मग एक दिवस वैशंपायन मॅडम माझ्या ओसरीवर येऊन बसल्या. बाई वाईट नाही. पण पोटात काही असलं की त्या डबीतल्या बडीशेपेचे दाणे एकेक करून खातात, आणि त्या दिवशी डबी रिकामी झाली तरी बोलेनात. सानिका खांबाला टेकून पायाच्या अंगठ्याकडं बघत होती. मी म्हटलं, सांगा, कोण मेलंय?

मॅडमनी सांगितलं, चावीचा दगड राईत आहे, शेंदराच्या आत.

त्यांनी पडद्यावर दाखवलंही. शेंदराची जाड साल, आत पाचरीचा आकार, त्यावर कोरलेला पानांचा झुबका आणि साहेबाच्या बांधकामाचं साल. मी नीट बघितलं. तिसरी शिकलेय, इंग्रजी आकडे मला कळतात.

आमच्या घरची कथा अशी की सासऱ्यांच्या आज्याच्या स्वप्नात देवी आली आणि म्हणाली, मी राईत उगवलेय, मला तेल घाल. मी मॅडमना म्हटलं, दगड आमचाच. साहेबानं राईतून उचलून कमानीत घातला असेल, आमच्या माणसांनी परत आणला. त्यावर साहेबाचं साल आहे म्हणता, तर चोरलेल्या गाईलाही चोर आपला डाग देतोच की.

मॅडम म्हणाल्या, असंही असू शकेल आजी, यंत्राला ते सांगता येत नाही. पण बंगला पडायच्या आधी हा दगड कमानीत होता हे नक्की, त्याच्या दोन्ही अंगांचा चुना शेजारच्या दगडांशी जुळतो. मग त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितलं की हुबेहूब दुसरा दगड करून देता येईल. त्याच खडीचा चुरा, तेच वजन, शेंदराचे पापुद्रेसुद्धा तसेच. कोणाला फरक कळणार नाही.

मी म्हटलं, मग तोच लावा कमानीला.

तसं चालत नाही, त्या म्हणाल्या. पैसे देणारी संस्था परदेशातली आहे, तिला मूळ दगडच लागतो. चावीचा दगड नवा बसवला तर बंगला मूळ धरला जात नाही, नक्कल धरला जातो, आणि पुढचं सगळं थांबतं, नळासकट.

"म्हणजे साहेबाच्या बंगल्याला अस्सल लागतं," मी म्हटलं, "आणि देवीला नक्कल चालते."

मॅडमचा हात पुन्हा डबीकडं गेला. डबीत बडीशेप उरली नव्हती.

कायदा असा होता की पूजेतला दगड ग्रामसभेच्या आणि पुजाऱ्याच्या होकाराशिवाय हलवता येत नाही. ग्रामसभा चार दिवसांत झाली. मला वाटलं होतं, पेटतील. एकही उठला नाही. ज्यांच्या पोरांची नावं मी देवीपुढं ठेवली, ज्या बायांच्या ओट्या मी तिथं भरल्या, त्या सगळ्यांनी यंत्राचा पडदा बघितला आणि गप्प हात वर केले. एक म्हातारा तेवढा म्हणाला की देवी काय, देव्हारा बदलला म्हणून जात नाही. त्यालाही नळ हवा होता. हात वर करताना कोणी माझ्याकडं बघितलं नाही, तेवढी लाज शिल्लक होती.

एकनाथ मग घरी आला. काकू, काकू करत पायरीवरच बसला. त्याच्या बायकोचा गर्भ पाण्याच्या हंड्यांनी गेला होता, तेही त्यानं सांगितलं, जसं काही मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, एकनाथा, तुझं सगळं खरं. पण देवी माझी आहे का, की मी देऊ? तिलाच विचारू. मंगळवारी कौल लावू.

त्याचं तोंड उतरलं. खडपाई काय म्हणणार, हे त्यालाही माहीत होतं. पण देवीला विचारू नका असं सरपंचानं कुठल्या तोंडानं म्हणायचं? वाडीत बातमी गेली आणि बायांनी त्याच संध्याकाळी हंडे घासून ठेवले, दरीत उतरायचे दिवस काही संपत नाहीत म्हणून. माझी जीत झाल्यातच जमा होती.

सोमवारी दिवेलागणीला सानिका चुलीशी येऊन बसली. रागावणार नाहीस ना, असं तिनं विचारलं. लहानपणी काच फुटली की असंच विचारायची. मग तिनं कागदावर दगड काढून दाखवला. पाचरीचा दगड, त्याच्या दोन्ही बाजू तिरक्या. ज्यानं कोणी तो राईत बसवला त्यानं जरा एका अंगाला कललेला बसवला. त्यामुळं उजवी बाजू उताराची झाली, पाकळी तिच्यावर टेकून राहते. डावी बाजू आत जाते, पाकळी तिला उलटी लोंबते. वरच्या शेंदरानं हे झाकलं गेलं. डोळ्याला कळत नाही, पाकळीला कळतं.

"दरीचा वारा जोराचा असला तर कधी उजवी पडते," ती म्हणाली, "नाहीतर डावीच पडणार. कोणीही काहीही विचारो."

मी चूल फुंकत राहिले. चूल पेटलेलीच होती.

"म्हणून सांगते, उद्या तू 'जातेस का' असंच विचार. डावा येईल. देवी राहील. मी हे मॅडमना सांगितलं नाही, कधी सांगणारही नाही."

पोर माझ्यासाठी खाल्ल्या मिठाला फिरली होती. मला तिला जवळ घ्यायला हवं होतं, आणि मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती. मी तिला म्हटलं, ऊठ, पानं घे.

पण जेवणावरून मन उडालं. मी तिसरीत होते तेव्हा मास्तर आमच्या घरी येऊन बापाला म्हणाले होते, पोरगी तल्लख आहे, तालुक्याच्या वसतिगृहात घाला. बाप मला घेऊन इथंच आला होता, याच देवीपुढं. डावी पाकळी पडली. मी रडले नाही, देवीनं माझ्याकडं बघून नाही म्हटलं याचीच मला ऐट. पुढं माझं स्थळ या घरात आलं तेव्हा सासऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं, आई, या पोरीला नाकारू का? डावा आला, आणि मी सून झाले. तेव्हा मला वाटलं होतं, हिनं मला शाळेतून उठवलं ते स्वतःसाठी. एवढ्या पोरींतून मला निवडलं. त्या एका गोष्टीवर मी आयुष्य काढलं. नवऱ्याचा मार त्याच्यावर काढला, लेकाचं तोंड फिरवणं त्याच्यावर काढलं.

आता कळत होतं की सासरे ज्याला हो हवं असायचं त्याच्यासाठी प्रश्न उलटा घालायचे. त्यांना माहीत होतं की नुसती सवय होती, देव जाणे. आणि ज्यांच्यासाठी सरळ घातला ते? लाडांची विहीर खणली गेली नाही. शिवरामाच्या बायकोला दवाखान्यात नेलं नाही. वाडीतल्या पोरी जिथल्या तिथं राहिल्या. पाकळ्या मी लावल्या होत्या, पण 'नाही' मी म्हटलं नव्हतं. मग कोणी म्हटलं होतं? इंग्रजाच्या कुठल्या तरी पाथरवटानं कमान टिकावी म्हणून टाकी तिरकी धरली, त्यानं?

हे मला मान्य नव्हतं. आजही नाही. सानिकाचं शास्त्र खरं असेल, दगड तिरका असेल. पण दगड तिरका असला म्हणून देवीला हात नाही असं कोण म्हणतं? एवढी वर्षं तिची मर्जी आणि दगडाचा उतार एकच असतील. उद्या ते वेगळे काढायचे, मी ठरवलं.

मंगळवारी सगळी वाडी राईत होती. वारा पडलेला. मॅडम चप्पल काढून लांब उभ्या होत्या. मी ओलेत्यानं देवीला न्हाऊ घातलं, पाकळ्या निवडल्या, एकाच फुलाच्या, सारख्या जाडीच्या. दोन्ही अंगांना लावल्या. डावीला जरा जास्तच दाबून लावली, तेही सांगते. मग पदर डोक्यावर घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं गाऱ्हाणं घातलं.

"आई खडपाई, तुझी लेकरं उभी आहेत. तुला माथ्यावर न्यायचं म्हणतात. तू इथंच, या राईत राहतेस का? राहणार असशील तर उजवा दे."

सानिकानं झटकन वर बघितलं. बाकी कोणाला काही वाटलं नाही. विचारायची ती एक पद्धत, एवढंच.

मी देवीच्या डोळ्यांत बघत होते. मनात म्हणत होते, एकदा. जन्मात काही मागितलं नाही. तुझ्या उताराच्या विरुद्ध एकदा बोल. दोन्ही पाकळ्या चिकटलेल्या. राईत पान हललं नाही. मग डाव्या पाकळीखाली पाण्याचा थेंब गोळा झाला, जड झाला, आणि पाकळी त्याच्याबरोबर घसरून खाली पडली. उजवी तशीच होती. संध्याकाळी मी जाऊन बघितली तेव्हाही होती.

मग एकनाथानं देवीचा जयजयकार केला आणि त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. आईच्याच मनात आलं, तिलाच लेकरांची तहान बघवली नाही, असं तो सगळ्यांना सांगत सुटला. बाया देवीपुढं लोळण घेत होत्या. खडपाईनं एवढं मोठं दान पहिल्यांदा दिलं होतं. मॅडम माझ्या पाया पडायला वाकल्या. मी पाय मागं घेतले.

घरी आल्यावर सानिका दारातच बसली. का केलंस असं, मी तुला सांगितलं होतं, असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

"तू सांगितलं होतंस म्हणूनच," मी म्हटलं. त्यानंतर बरेच दिवस आम्ही मीठ-पाण्यापुरतंच बोललो.

दगड काढला तेव्हा मी हजर होते. दुसरं कोण असणार? ऊब देऊन त्यांनी शेंदूर सोडवला, तो सालीसारखा निघाला, आतून निघाला तो करड्या रंगाचा, चांगला घडवलेला, थंड दगड. मी त्याच्यावरून हात फिरवला. पानांचा झुबका सुबक होता. कोणी पहिलं बोट शेंदराचं लावलं, कशासाठी लावलं, ते त्याच्यावर कुठंच नव्हतं. कमानीत बसवल्यावर टेकू काढले आणि कमान उभी राहिली. छान दिसते, खोटं कशाला बोलू. गाड्या तिच्याखालून जातात. बायकांनी सुरुवातीला तिथं नारळ नेले, पहारेकऱ्यानं तेलाचे डाग पडतात म्हणून परत पाठवले. पुढं कोणी नेले नाहीत. नळ आला. गढूळसर आहे पाणी, पण येतं.

राईत आता नक्कल आहे. मॅडमनी शब्द पाळला, पापुद्र्याला पापुद्रा जुळवला. कललेलीही तेवढीच आहे. मला वाटलं होतं, आता कोणी यायचं नाही. पण आपली देवी माथ्यावरही आहे आणि इथंही आहे, असं लोकांनीच ठरवलं आणि ते येत राहिले. एकजण आला, म्हशी विकू का विचारायला. मी म्हटलं, तुझ्या मनात काय आहे ते आधी सांग. विकाव्यात असं आहे, तो म्हणाला. मी गाऱ्हाणं घातलं, आई, म्हशी ठेवायच्या का? डावा आला. तो नाचत गेला.

तेव्हापासून मी सगळ्यांना आधी मनातलं विचारते. ज्याचं मन चांगलं दिसतं त्याला हवं ते देते, ज्याचं खोटं दिसतं त्याला सरळ प्रश्न घालून घरी बसवते. लोक म्हणतात, देवी बदलली, आता ऐकते. घाटाखालूनही माणसं येतात. मंगळवारी रांग लागते. माझ्या पायावर डोकं ठेवतात. पूर्वी मी त्यांच्यासारखीच पाकळीकडं बघत उभी असायची, काय येतंय म्हणून छातीत धडधडायचं. आता मला उभं राहायचाही कंटाळा येतो. स्टूल ठेवलंय.

मागच्या आठवड्यात पुण्याहून सानिकाचा फोन आला. तिचं इथलं काम संपलं. दक्षिणेत अशीच एक पडलेली हवेली उभी करायची आहे, सहा-सात वर्षांचं काम. आजी, तू माझ्याकडं ये, ती म्हणाली, एकटी काय करतेस तिथं. मग जरा थांबून म्हणाली की नाही आलीस तर मला परत वाडीला यावंसं वाटेल असं नाही. हो की नाही ते शांतपणे ठरव आणि सांग.

दुपारी मी राईत गेले. कोणी नव्हतं. तगरीच्या दोन पाकळ्या घेतल्या, पाण्यात बुडवल्या. जाऊ का विचारलं तर नाही. राहू का विचारलं तरीही नाहीच येणार. पाकळ्या तळहातावर घेऊन मी बसून राहिले. पाणी वाळलं, कडा आत वळल्या. मग उठले आणि घरी येऊन त्या कोंबड्यांपुढं टाकल्या. त्यांनी चोच लावून बघितली आणि सोडून दिल्या.